शुक्रवारचा ट्रॅक्टर

काउंटी रॉसकॉमन, आयर्लंड
ऑक्टोबर

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुमचा मॅसी फर्ग्युसन ट्रॅक्टर, आपली मॅसी, विकून टाकायची म्हणतोस, ते पत्रात वाचल्यापासून चैन पडेना. ट्रॅक्टर तुझा, घर तुझं, मी कोण सांगणारा! पण आधी आमच्या शेजारच्या आजोबांबद्दल ऐक.

घरासमोरून एक पाणंद जाते. डांबरी आहे, पण मधोमध गवत वाढलेलं. दर शुक्रवारी सकाळी तिथून फटफट ऐकू येते. ऐंशी ओलांडलेले आजोबा पेन्शन आणायला पोस्टात निघालेले असतात, फर्ग्युसन टीई-२० या जुन्या ट्रॅक्टरवर. इथे तिला सगळे लाडाने ‘करडी फर्गी’ म्हणतात. मागे लिफ्टला, म्हणजे औत उचलणाऱ्या दांड्यांना, लोखंडी पेटी जोडलेली. जाताना रिकामी, येताना तिच्यात गॅसची टाकी, कोंबड्यांचं खाद्य, पाव, वर्तमानपत्र. आजी होत्या तेव्हा रविवारी त्याच पेटीत उशी टाकून बसायच्या आणि दोघं चर्चला जायची. वाटेत कुणी भेटलं की स्टिअरिंगवरचं एक बोट वर होतं. इथला रामराम तेवढाच.

ही फर्गी त्यांच्या वडिलांनी १९५० साली घेतली. तेव्हा सकाळी डेअरीपुढे गाढवगाड्यांची आणि ट्रॅक्टरांची रांग लागायची. दुधाचे कॅन रिकामे करायचे आणि वासरांसाठी मलई काढलेलं दूध त्यांतूनच परत आणायचं. कुणाकडे काय झालं, कोण आजारी, सगळं त्या रांगेत कळायचं. पुढे टँकर दारात यायला लागले आणि रांग मोडली. आजोबा हे सांगताना गप्प होतात.

हा ट्रॅक्टर काढणारा हॅरी फर्ग्युसन इथलाच, काउंटी डाउनमधल्या शेतकऱ्याचा मुलगा. १९०९ साली स्वतः बांधलेलं विमान त्याने उडवलं, पण खरी कमाल लिफ्टची. आधी ट्रॅक्टर औत नुसतं ओढायचा. फाळ दगडात अडकला की पुढची चाकं उचलून चालकाच्या अंगावर यायचा. माणसं मेली त्यात. फर्ग्युसनने औत तीन ठिकाणी जोडलं, हायड्रॉलिकच्या ताब्यात दिलं, औताचा भार मागच्या चाकांवर आणला. म्हणून सव्वा टनाच्या आतलं हे यंत्र नांगरटही करतं आणि बाजारहाटही. इंग्लंडात कॉव्हेंट्रीच्या कारखान्यात १९४६ ते १९५६ या काळात अशी ५ लाखांहून जास्त निघाली. त्यानंतर आलं ‘३५’ हे मॉडेल. तुझी मॅसी, मॉडेल १०३५, त्याच घराण्यातली आहे रे!

गेल्या जानेवारीत माझी गाडी रस्त्याकडेच्या चिखलात रुतली. आजोबा कोटावर दोरी बांधून आले. त्यांनी मला सीटवर बसवलं. सीट म्हणजे नुसती लोखंडी परात, थंडीने बर्फ झालेली. चावी फिरवून स्टार्टर लावायचा नसतो. गिअरचा दांडाच ‘एस’कडे ढकलायचा. म्हणजे गिअरमध्ये असताना ती चालू होणारच नाही. सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वी हा विचार केलाय बघ! दुसऱ्या ढकलीला इंजिन धडधडलं आणि तो हादरा थेट कण्यातून वर आला. तुझ्या अण्णांनी आपल्याला पहिल्यांदा मॅसीवर बसवलं होतं, तसंच वाटलं. डोळे भरून आले, खोटं नाही सांगत.

गाडी निघाली. पैशांचं नाव काढलं तर आजोबा रागावले. चहाला मात्र थांबले, आणि फर्गी अंगणात तशीच चालू ठेवली.

आता त्यांना मोटार चालवणं नको वाटतं. शहरातला मुलगा म्हणतो, सामान घरपोच मागवा. पण फर्गी गेली तर आजोबांचा शुक्रवार जाईल, पोस्टातल्या चार गप्पा जातील, ते बोट वर व्हायचं थांबेल. मला हे फार जवळून दिसतंय, म्हणून तुला एवढं लिहिलं.

तुझे अण्णाही अजून मॅसीवरूनच सोसायटीत जातात ना? व्यवहार झाला नसेल तर गिऱ्हाइकाला थोडं थांबव. मी डिसेंबरात येतोय. बॅटरी चार्ज करून ठेव. आठवडी बाजाराला तिच्यावरूनच जाऊ, अण्णांना पुढे बसवून.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझाच,
दोस्त