गुंडाच्या मालिकेत बळींनाही जागा हवी

महोदय,

सोलापुरात नवी पेठेत पाब्लो एस्कोबारचा चेहरा छापलेले टी-शर्ट टांगलेले दिसतात आणि महाविद्यालयीन मुले ते हौसेने विकत घेतात, हे पाहून वाईट वाटते. या अमली पदार्थ तस्करावर कोलंबियातच २०१२ साली जी दूरचित्रवाणी मालिका निघाली, तिच्या निर्मात्यांपैकी कामिलो कानो हे ‘एल एस्पेक्तादोर’ दैनिकाचे संपादक गिलेर्मो कानो यांचे पुत्र. एस्कोबार संसदेत मिरवत असताना या संपादकांनी १९८३ मध्ये त्याच्या १९७६ सालच्या अटकेची जुनी बातमी शोधून पुन्हा छापली, त्याचा बुरखा फाडला आणि डिसेंबर १९८६ मध्ये कार्यालयाबाहेर मारेकऱ्यांच्या गोळ्या झेलल्या. एस्कोबारच्याच टोळीने नोव्हेंबर १९८९ मध्ये विमानात बॉम्ब ठेवला, त्यात विमानातील १०७ जण गेले.

ज्याचे वडील मारले गेले, त्यानेच ही कथा सांगावी, याला मी फार मोल देतो. आपल्याकडे मुंबईतील टोळ्यांवर मालिका काढणाऱ्यांनीही खंडणीपायी मारल्या गेलेल्या व्यापाऱ्याच्या घरात कॅमेरा न्यावा, त्याच्या पत्नीला आणि मुलांना संवाद द्यावेत, एवढी कळकळीची विनंती.

– एक वाचक, सोलापूर