विठ्ठल ज्ञानोबा आणि पुढची तीन अक्षरं

लातूर

प्रिय दिग्या,

हे फोनवर सांगून व्हायचं नाही, म्हणून लिहितोय. माझी शुगर आटोक्यात आहे, हिचे गुडघे तसेच.

आपल्या साखर कारखान्याची सभासद फाइल सापडली! सव्वापाच इंची फ्लॉपी, लेबलवर तुझं अक्षर, मार्च ९४. इथं एकाकडे चालू ड्राइव्ह मिळाला आणि फाइल अख्खी उतरली. ते डीबेस सॉफ्टवेअर कुठलं आता, साध्या एडिटरमध्ये उघडली. नोंदी एकाला एक चिकटलेल्या. किल्लारीकडची गावं आली आणि नावामागून नाव, प्रत्येकापुढे स्टार. विसर्जनाच्या रात्रीच्या भूकंपानंतर वारस लावताना आपणच मारलेले डिलीट; डिलीट म्हणजे नुसती खूण, नोंद पुसली जाते ती पॅक मारल्यावर. मला पुढं वाचवेना रे. वीस एमबीची डिस्क भरत आली होती, अकाउंटवाले रोज 'पॅक मारा' म्हणायचे, तू मारू दिलं नाहीस. पॅक झालं असतं तर ही माणसं फाइलमधूनही गेली असती.

आता खरी अडचण. सुरवशांचा एक पोरगा आलाय. घर पडलं त्यात सगळे कागद गेले, आजीला आजोबांचा सभासद नंबर पाहिजे. फाइलमध्ये त्याच गावचे दोन 'विठ्ठल ज्ञानोबा' आहेत, दोघांपुढे स्टार. नावाच्या रकान्यात इंग्रजीत वीसच अक्षरं, ती भरली की आडनावाचं उरतं एस, यू, आर. सुरवसे की सूर्यवंशी? मी पंचवीस अक्षरं मागत होतो, आठवतं? तू पाटीवर हिशेब मांडलास: आठ हजार सभासद, ४४ बाइटची नोंद, पाच वाढवले की फाइल ३६० केबीच्या फ्लॉपीत मावत नाही. हिशेब बरोबरच होता. पण त्या पाच बाइटांसाठी आपण आठवडाभर बोललो नव्हतो, आणि आज ते पाच बाइट मला पाहिजेत. (तू एमडी साहेबांनाही चपला काढायला लावायचास, तुझ्यापुढं माझं काय चालणार!)

गट नंबर लागवडीच्या फाइलमध्ये आहे. पोराकडे सातबारा आहे, नुसतं जुळवायचं. पण त्या फाइलच्या फ्लॉपीला बुरशी धरलीय. कव्हराच्या खिडकीतून पाहिलं तर चकतीवर पांढरे ठिपके दिसतात. ड्राइव्हमध्ये तशीच फिरवली तर वाचणारं हेड चकतीवरचा चुंबकीय लेप खरवडून काढेल आणि मग काहीच उरणार नाही. कव्हर कापून चकती बाहेर काढावी, धुवावी, दुसऱ्या कव्हरात घालावी, हे मला माहीत आहे. पण हे काम तुझ्या हातचं आहे. हेड पुसताना तू श्वाससुद्धा रोखून धरायचास. मी अजून हात लावलेला नाही. त्या चकतीवर एकट्या सुरवशांचा गट नाही, अख्ख्या गावांची लागवड आहे.

नातीचं बारसं झालं का? फ्लॅटचं काय ठरलं? वहिनींना नमस्कार.

दिवाळीची वाट बघू नकोस, पुढच्या आठवड्यातच ये. चकती धुवायला आयसोप्रोपिल अल्कोहोलची बाटली घेऊन ये, इथल्या मेडिकलवाल्याकडे नाही. कव्हरासाठी कोऱ्या फ्लॉपी मी बघून ठेवतो.

तुझा,
बाळ्या