धूर कानातला आणि गिरण्यांचा

महोदय,

रविवारच्या पुरवणीतला, उत्क्रांतीचे गणित मांडणाऱ्या जे. बी. एस. हाल्डेन या शास्त्रज्ञावरचा लेख वाचला. छायाचित्रे सुरेख. कानाचा पडदा फाटल्यामुळे ते कानातून तंबाखूचा धूर काढून दाखवत, या गमतीला दीड स्तंभ मिळाला, त्यांच्या कुर्त्याला अर्धा. उत्क्रांतीच्या वाट्याला एकच वाक्य: ‘गणिताचाही वापर केला.’ धन्य!

धुरावरच लिहायचे होते, तर मँचेस्टरच्या गिरण्यांचा धूर काय वाईट होता? तिथे झाडांच्या खोडांवर बसणारा पांढुरका पतंग, म्हणजे किडा, असे; १८४८च्या सुमारास काळा दिसला तो नवलाचा म्हणून. धुराच्या काजळीने खोडे काळवंडली, त्यांवर काळे लपत आणि पांढुरके उठून दिसत. शतक संपेतो जवळजवळ सगळेच पतंग काळे. हाल्डेन यांनी १९२४ साली हिशेब मांडला, की इतक्या थोड्या वर्षांत हे घडायचे तर पांढुरक्यांची शंभर पिल्ले तगतील तिथे काळ्यांची दीडशे तगायला हवीत. नैसर्गिक निवडीचा जोर एवढा असेल, हे तेव्हा कुणाच्या गावी नव्हते. पुढे १९५३ साली कीटकतज्ज्ञ केटलवेल यांनी काजळलेल्या रानात पतंग सोडले, आणि पक्षी पांढुरकेच जास्त टिपताना दिसले. हिशेब आधी, पक्षी मागून.

तुमच्या लेखकाला तरी काय बोलणार? मी बी.एस्सी.ला असताना पाठ्यपुस्तकातल्या चौकटीतले हेच गणित प्राणिशास्त्राच्या सरांना विचारले. ‘परीक्षेला नाही, चौकट खोडून टाका,’ म्हणाले, आणि वर्गाने इमानेइतबारे खोडली. गणिताच्या सरांकडे गेलो, तर ‘किड्यांचे तिकडे विचारा’. हाल्डेन यांच्या १९३२च्या ‘द कॉजेस ऑफ इव्होल्यूशन’ला हे सगळे गणित परिशिष्टात जोडलेले आहे. पुस्तक ग्रंथालयात होते, पण कुलपात, किल्लीवाले रजेवर. त्यांची ती रजा मी पास होईपर्यंत संपली नाही.

आणि तुमच्या लेखाच्या चौकटीत ‘ब्रिटिश शास्त्रज्ञ’ कुणी घातले? १९५७ साली ते कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत आले, इथले नागरिक झाले, १ डिसेंबर १९६४ रोजी भुवनेश्वरला वारले, देहसुद्धा काकिनाड्याच्या वैद्यकीय महाविद्यालयाला देऊन गेले. आणखी किती भारतीय व्हायचे माणसाने?

थॅलसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा दोष अंगात असलेल्यांना मलेरियापासून संरक्षण मिळत असावे, ही त्यांची १९४९ची अटकळ तरी पुढच्या रविवारी छापा. जागा नाही म्हणू नका. अर्धे पान शब्दकोड्याला जाते, आणि गेल्या खेपेची उत्तरे अजून आलेली नाहीत.

आपला,
एक नियमित वाचक