वेताळाची शपथ कुठे गेली?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतली पुस्तक परीक्षणे मी नेमाने वाचतो. कॉमिक्सबद्दल तिथे क्वचितच काही येते. यंदाच्या दिवाळीत घरी जे घडले त्यावरून मला वाटले, की या विषयावरही मोठ्यांनी गांभीर्याने बोलायला हवे. म्हणून हे पत्र.

भाऊबीजेला बहीण आली, सोबत पुण्यात नोकरी करणारा भाचा. त्याने माझ्या हातात एक जाड इंग्रजी पुस्तक ठेवले. "मामा, तुमचा वेताळ!" पुस्तक होते ‘द लास्ट फँटम’. फँटम म्हणजेच आपल्या मराठी कॉमिक्समधला मुखवटाधारी नायक वेताळ. २०१० साली अमेरिकेत सुरू झालेली ही मालिका स्कॉट बीटी यांनी लिहिली आहे आणि मुखपृष्ठे अ‍ॅलेक्स रॉस यांची आहेत. वेताळ म्हटल्यावर घरात कुणाला वावगे वाटायचे कारणच नव्हते. माझी नऊ वर्षांची नात ते घेऊन झोपाळ्यावर बसली. अर्ध्या तासाने पुस्तक मिटून माझ्याकडे आली आणि म्हणाली, "आजोबा, त्याच्या मुलाला का मारलं?"

मी तोवर एक पानही वाचले नव्हते. दोन रात्री बसून वाचले. आता तिच्या प्रश्नाचे उत्तर मला ठाऊक आहे, पण ते मला पटत नाही.

माझे वडील गिरणीत होते. भोंगा झाला की ते कामावर जायचे आणि मी गल्लीच्या तोंडाशी असलेल्या दुकानात. दुकानदार दोरीवर इंद्रजाल कॉमिक्सचे अंक टांगायचा. तिथेच बसून वाचायचे दहा पैसे, घरी न्यायचे पंधरा. टाइम्स ऑफ इंडियाच्या प्रकाशनसंस्थेने १९६४मध्ये सुरू केलेले हे अंक मराठीतही निघत. १९९० साली ते बंद पडले तेव्हा मी चांगला संसारी माणूस होतो, तरी जवळचे कुणी गेल्यासारखे वाटले होते.

ज्यांनी वेताळ वाचला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. १५३६ साली चाचे एका जहाजावर हल्ला करतात. सगळे मारले जातात, एकच तरुण किनाऱ्याला लागतो. जंगलातले बांदार जमातीचे बुटके लोक त्याला जगवतात. पुढे त्याच किनाऱ्यावर त्याला वडिलांच्या मारेकऱ्याचे प्रेत सापडते. त्या मारेकऱ्याच्या कवटीवर हात ठेवून तो शपथ घेतो, की चाचेगिरी, लोभ, क्रौर्य आणि अन्याय यांच्याविरुद्ध मी आयुष्य वेचीन आणि माझे वंशजही तेच करतील. म्हणून बापामागून मुलगा तोच मुखवटा चढवतो आणि लोक समजतात हा अमर आहे. आपण वाचला तो एकविसावा. त्याला उडता येत नाही, गोळी लागली की तो जखमी होतो. ली फॉक यांनी १७ फेब्रुवारी १९३६ रोजी वर्तमानपत्रात ही चित्रकथा सुरू केली, सुपरमॅन यायच्या दोन वर्षे आधी.

या कथेतली एक गोष्ट माझ्या लक्षात पन्नास वर्षांनी, परवाच्या त्या दोन रात्रींत आली. शपथ घेतली तेव्हा मारेकरी मेलेलाच होता. सूड घ्यायला कुणी उरलेच नव्हते. तरीही तो तरुण घरी परतला नाही. स्वतःचे दुःख त्याने आपल्यापुरते ठेवले नाही, ते अनोळखी माणसांच्या कामी लावले.

नव्या मालिकेने नेमकी हीच गोष्ट उलटी केली आहे. इथला वेताळाचा वारसदार किट वॉकर कथेच्या सुरुवातीला मुखवटा नाकारतो आणि आफ्रिकेत मदतकार्य करणारी संस्था चालवतो. मग त्याच्या बायकोची आणि मुलाची हत्या होते, आणि त्या संतापात तो वेताळ होतो. म्हणजे नातीच्या प्रश्नाचे उत्तर असे, की बापाला राग यावा म्हणून ते पोर मेले. त्या मुलाला स्वतःची अशी जागा कथेत मिळतच नाही. रक्त भरपूर आहे. त्याने मी दचकलो नाही, खिन्न मात्र झालो.

तरीही पुस्तक मी शेवटपर्यंत सोडले नाही, हे सांगितलेच पाहिजे. रॉस यांची मुखपृष्ठे अशी रंगवलेली आहेत की माणूस समोर उभा वाटतो. आणि मुखवटा नाकारणाऱ्या वारसदाराची कल्पना तर मला फारच मोलाची वाटली. एका गोऱ्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या कवटीच्या गुहेत, म्हणजे वेताळाच्या ठाण्यात, बसून काळ्या माणसांचे रक्षण करायचे, हे लहानपणी मला खटकले नव्हते. आज खटकते. त्या घराण्यातल्याच एकाला ‘हे सोंग पुरे, सरळ काम करू’ असे वाटणे हा आधुनिक विचार आहे. सोलापूरकराला तर तो लगेच कळतो. भैय्या चौकात ज्यांचे स्मारक आहे ते आमचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले, युद्धातल्या जखमींवर शस्त्रक्रिया करत राहिले आणि १९४२मध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, तिकडेच वारले. त्यांना मुखवटा लागला नाही. म्हणून वॉकरच्या त्या कामाची गोष्ट पुढे वाचायला मी अधीर झालो होतो. लेखकाला मात्र त्यातून लवकर बाहेर पडायची घाई होती.

मूळ आहे तसेच ठेवा, असा माझा हट्ट नाही. आपण वाचलेला वेताळही बदललेलाच होता. वेताळाच्या देशाचे मूळचे नाव बांगल्ला, ते इंद्रजालमध्ये डेंकाली झाले, त्याचे वैरी सिंग चाचे सिंगा झाले, कारण भारतीय वाचकाला ते लागले असते. खुद्द फॉक यांनीही बदल केले. डॉ. लुआगा हा काळा डॉक्टर त्यांनी देशाचा अध्यक्ष केला, सत्तरच्या दशकात वेताळाचे त्याच्या प्रेयसीशी, डायनाशी लग्न लावले, पुढे जुळी मुलेही झाली.

काळाप्रमाणे बदलून, गडद होऊनही शपथ कशी जपता येते, ते भाच्यानेच मिळवून दिलेल्या दुसऱ्या मालिकेत दिसले. १९८९मध्ये डीसी या अमेरिकी कॉमिक्स प्रकाशनाने काढलेली ही तेरा अंकांची मालिका मार्क वर्हायडन यांनी लिहिली आणि ल्यूक मॅकडॉनल यांनी रेखाटली. तिच्यात वेताळासमोर वंशद्वेष आहे, गरीब देशात आणून टाकलेला विषारी कचरा आहे, भूक आहे. भुकेच्या पानांवर मी बराच वेळ थांबलो. १९७२च्या दुष्काळात मी दहा वर्षांचा होतो. मंगळवेढ्याकडचे आमचे नातलग खडी फोडायच्या कामावर होते. मदतीतल्या सुकडी आणि मिलो ज्वारीवर दिवस निघत होते. मी त्या दिवसांत वेताळ वाचत होतो, आणि वेताळाच्या जंगलात कुणीच उपाशी नव्हते. ती भूक इतक्या वर्षांनी त्याच्या कथेत आली, हे वाचून मला बरे वाटले. ही मालिकाही हसरी नाही. पण तिच्यातला काळोख जगातला आहे, आणि नायक त्याच्याकडे पाठ फिरवत नाही. लोभ, क्रौर्य, अन्याय: शपथेतले शब्द तिथे जसेच्या तसे लागू पडतात.

नवी मालिका मुलांच्या हाती देण्याजोगी नाही, हे मात्र स्पष्ट लिहितो. भाच्याचा दोष नाही, त्याने मायेने आणले. मुखवटा आणि घोडा दिसला की आपण ते लहान मुलांचे समजतो, ही आपली सगळ्यांचीच सवय आहे. पुरवणीत महिन्याला एका कॉमिक्सचे परीक्षण आले आणि ते कोणत्या वयासाठी आहे हे त्यात लिहिले, तर माझ्यासारख्या आजी-आजोबांना मोठाच आधार होईल.

ते पुस्तक मी वरच्या फळीवर ठेवले आहे. नातीला ट्रंकेतले जुने इंद्रजाल काढून दिले आणि शपथेचे पान दाखवले. तिने ते दोनदा वाचले आणि विचारले, "ही शपथ मुलींना घेता येते का?" येते. सतराव्या वेताळाच्या जुळ्या बहिणीने, ज्यूलीने, भावाच्या जागी तो मुखवटा चढवला होता. ती कथा असलेला अंक माझ्याकडे नाही. आपल्या वाचकांपैकी कुणाकडे असेल, मग तो कोणत्याही भाषेतला असो, तर चार दिवस वाचायला हवा आहे. जपून वापरून परत करीन.

आपला,
एक जुना वाचक,
बाळीवेस, सोलापूर