दौऱ्यावर जा

प्रिय लेकी,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला. बँडसोबत दौऱ्यावर जायची संधी आली आहे, पण डिझायनर म्हणून नाही, वॉर्डरोब असिस्टंट म्हणून. म्हणजे धुणं, इस्त्री, तुटलेली टिचबटणं लावणं. "एवढं शिकून हेच करायचं का?" असं विचारतेस. उत्तर आधीच सांगून टाकतो: जा. आता कारणं. आणि तुला ठाऊकच आहे, कारणं सांगायला बसलो की मी लवकर उठत नाही.

गायक-वादकांचे कपडे म्हणजे फॅशनचीच एक शाखा, असं तुमच्या कॉलेजात शिकवतात. मला ते पटत नाही. रॅम्पवरची मुलगी मिनिटभर चालून आत जाते. इथे माणूस दोन-दोन तास अंगमेहनतीचं काम करतो, डोक्यावर दिव्यांची धग, अंगातून घामाच्या धारा, आणि सूर चुकता कामा नये. म्हणून आधी वाद्य बघायचं, मग अंग, मग कापड. व्हायोलिनवाल्याच्या डाव्या खांद्यावर नि कॉलरपाशी टिकली, खडा, जाड शिवण काही नको. वाद्य नीट टेकत नाही आणि पॉलिशवर ओरखडे उठतात. गिटारवाल्याला मोठं बकल दिलंस तर गिटारची पाठ खरवडून निघेल. पट्टा ज्या खांद्यावर घासतो तिथल्या टिकल्या तर गळणारच. ड्रमरची पँट खाली घोळदार केलीस की पेडलमध्ये अडकलीच म्हणून समज.

मुंढ्याचं, म्हणजे बाही जोडायच्या गोलाचं, तर तुला किती वेळा सांगितलं असेल. हात मोकळा हलावा म्हणून नवशिके मुंढा खोल कापतात. होतं उलटंच: हात उचलला की अख्खा कोट त्याच्याबरोबर वर चढतो. मुंढा काखेच्या जवळ घ्यायचा, बाहीला दंडाशी थोडी जास्त रुंदी द्यायची, आणि तरी ओढ बसलीच तर काखेत चौकोनी कळी, म्हणजे वेगळा तुकडा जोडायचा. मग हात डोक्यावर गेला तरी कोटाची खालची कड फारशी हलत नाही. हे सगळं आधी मांजरपाटात शिवून बघायचं आणि वादकाच्या हातात वाद्य देऊन त्याला एक पूर्ण गाणं वाजवायला लावायचं. नुसती आरशासमोर घेतलेली ट्रायल आपल्या कामात अर्धीच.

मोठी माणसंही हेच करत आली. 1974 मध्ये क्वीन बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी ब्रिटिश डिझायनर झँड्रा ऱ्होड्सच्या स्टुडिओत गेला, तेव्हा तिने त्याला समोर टांगलेल्यातलं काय आवडेल ते घाल आणि खोलीभर हालचाल करून बघ, असं सांगितलं. त्याने उचलला तो चुण्याचुण्यांचा, पंखांसारख्या बाह्यांचा पांढरा टॉप, जो मुळात नवरीच्या पोशाखासाठी केलेला होता. तो पुढे त्याची ओळख झाला. अमेरिकन गायक एल्विस प्रेस्लीचे एकसंध पांढरे सूट डिझायनर बिल बेल्यूने केले, त्यांत कराटेच्या पोशाखाचा विचार होता. एल्विस स्टेजवर लाथा झाडायचा. शर्ट आणि पँट वेगळी असती तर दर वेळी शर्ट कमरेतून बाहेर आला असता.

याच्या अगदी उलटही एक आहे, ते सांगायलाच हवं. 1980 मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात पियानोवर गाणारा एल्टन जॉन डोनाल्ड डक होऊन आला. पोशाख डिझायनर बॉब मॅकीचा. घालताना हात-पाय भलत्याच ठिकाणी गेले, धड चालता येईना, आणि मागे बदकाचा तो भला थोरला पार्श्वभाग असताना पियानोसमोर बसणं म्हणजे कसरतच. लोकांना मात्र त्या दिवसाचा तोच पोशाख आठवतो. तिथे माझा नियम हरला. पण तो पोशाख होता शेवटच्या एन्कोरपुरता, म्हणजे कार्यक्रम संपल्यावर लोकांच्या आग्रहाने होणाऱ्या गाण्यांपुरता, हेही लक्षात ठेव. पूर्ण कार्यक्रम त्यात काढायचा असता तर मॅकीनेही वेगळाच बेतला असता, असं मला वाटतं.

आता तुझ्या दौऱ्याकडे येतो. कपडा पहिल्या रात्री छानच दिसतो. खरा कळतो तो काही प्रयोग झाल्यावर, आणि तेव्हा डिझायनर तिथे नसतो. तिथे तू असशील. घामाने अस्तर कुठे विरतं, माइकच्या ट्रान्समीटरचा खिसा पाठीला कुठे टोचतो, कानातल्या मॉनिटरची वायर मान वळवल्यावर कशी ओढली जाते, कोणतं कापड माइकजवळ सळसळून आवाजात मिसळतं, हे तुला रोज हाताने कळेल. टिकल्यांचे कपडे रोज धुता येत नाहीत. वास घालवायला त्यांवर आतून पाणी मिसळलेली व्होडका फवारतात. (आईला मी सांगतो, बाटली कशासाठी ते.) आमच्यावेळी नव्हती अशी एक भानगड आता कॅमेऱ्याची: बारीक रेघांचं कापड मोठ्या पडद्यावर लहरायला लागतं. आणि निळ्या दिव्यात लाल रंग काळा पडतो, हे दिव्याखाली कापड धरून बघितल्याशिवाय कुणाला खरं वाटत नाही.

झटपट पोशाख बदलणं ही तर वेगळीच विद्या. अंधारात, काही सेकंदांत, घामाने ओल्या अंगावरून. समोरची बटणं शोभेची, खरी उघड वेल्क्रोने किंवा टिचबटणांनी. जपानी काबुकीत 'हिकिनुकी' म्हणून प्रकार आहे: ठरावीक धागे ओढले की वरचा पोशाख निघून येतो आणि आतला दिसतो. जपानी डिझायनर कान्साई यामामोतोने 1973 मध्ये ब्रिटिश गायक डेव्हिड बोवीसाठी जे पोशाख केले त्यांत काबुकीची ही नजर होती. स्टेजवर, सगळ्यांदेखत, वरचं ओढून काढायचं. हे जमायला कपडा ओढणारे हातही तितकेच तयार लागतात. ते हात वॉर्डरोबवाल्यांचे.

डिझायनर म्हणून नाव येणार नाही, याचं तुला लागतंय, ते मला कळतं. शिंपी न्यूडी कोन कीव्हमध्ये जन्मला, पोरवयात अमेरिकेत आला, आणि कंट्री, म्हणजे अमेरिकन ग्रामीण ढंगाचं संगीत गाणाऱ्या गायकांना खड्यांचे झगमगीत सूट शिवून मोठा झाला. त्यांतल्या पोर्टर वॅगनरला त्याने सूट फुकट दिला, कारण गायक म्हणजे आपली चालती जाहिरात हे त्याला कळलं होतं. 1957 चा एल्विसचा सोनेरी सूटही त्याच्याच दुकानातला. पण गायक ग्रॅम पार्सन्सचा तो अफूची फुलं, गोळ्या आणि पाठीवर क्रॉस असलेला पांढरा सूट न्यूडीच्या दुकानात काम करणाऱ्या मॅन्युएल क्वेव्हासचा. लोक त्याला अजून न्यूडी सूटच म्हणतात. मॅन्युएल पुढे नॅशव्हिलमध्ये स्वतःच्या नावाने उभा राहिला, पण त्याआधी बरीच वर्षं दुसऱ्याच्या पाटीखाली कात्री चालवली. मला ते अन्यायाचं वाटतं, आणि तरीही हात तिथेच तयार झाला हेही खरं.

उलट मायकल जॅक्सनच्या त्या पुढे झुकायच्या बुटांचं अमेरिकन पेटंट बघ, 1993 चं. टाचेतली खाच स्टेजमधून वर आलेल्या खुंटीत अडकते, ती युक्ती. त्यावर जॅक्सनसोबत मायकल बुश आणि डेनिस टॉम्पकिन्स या त्याच्या कपडेवाल्यांचीही नावं आहेत. नाव हवं असेल तर ते कागदावर आणायचं.

म्हणून सही करण्याआधी करार नीट वाच. दौऱ्यात तू काही नवीन बेतलंस तर त्याचं नाव कुणाचं, चित्रं कुणाची, पोशाख नंतर विकला किंवा संग्रहालयात गेला तर तुझा उल्लेख होणार का, हे विचार. विचारल्याने कुणी हाकलत नाही. हाकललंच तर तिथे काम करायचंच नव्हतं.

बाकी सोबत काय न्यायचं: वाकडी सुई, मेण लावलेला दोरा, कात्रीच्या दोन जोड्या (एक कुणालाही देऊ नकोस), आणि वापरणार त्या प्रत्येक कापडाचा तुकडा. कपड्यांच्या शिवणीत माया, म्हणजे आत दुमडलेलं जादा कापड, ठेवली आहे का ते पहिल्याच दिवशी उसवून बघ. दौऱ्यात माणसं बारीक होतात, जाडही होतात. माया नसेल तर मला लगेच कळव, वरून पट्टी जोडायची एक पद्धत आहे, ती फोनवर सांगता येईल.

तुझा,
बाबा