पाय सुजले तर कोणाला विचारायचं?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी निवृत्त फार्मासिस्ट आहे. होडीशिवाय पोचता येत नाही अशा किनाऱ्यावरच्या एका वस्तीत आरोग्य शिबिर भरतं, तिथे मी औषधांच्या टेबलावर बसतो. 'शिबिराचा शेकडोंनी लाभ घेतला' असं फोटोखाली छापून येतं. तसल्या एका फोटोत मीही हसतो आहे, म्हणून हे पत्र.

मागच्या खेपेला एक आजी आल्या. वर्षापूर्वी आमच्याच शिबिरात त्यांना रक्तदाबासाठी अ‍ॅम्लोडिपिन सुरू केलं होतं, गोळ्या मीच मोजून दिल्या होत्या. "आजी, रोज घेता ना?" म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, "तुम्ही लोक गेलात आणि माझे पाय सुजले. मग कशाला घेऊ?" या गोळीने काहींच्या घोट्यांवर सूज येते, आमच्या धंद्यात ही नवी गोष्ट नाही. डॉक्टर डोस कमी करतात किंवा गोळी बदलून देतात. पण डॉक्टर होते कुठे? ओहोटी लागायच्या आत आम्ही सगळे होडीत बसून निघून गेलो होतो. आजींचा दाब १८०/११० भरला. पाच मिनिटं शांत बसवून पुन्हा पाहिला, तरी फारसा फरक नाही.

त्यांच्या मागच्या गृहस्थांनी पिशवीच उपडी केली. दोन निरनिराळ्या शिबिरांतल्या दोन स्ट्रिपा: नावं वेगळी, रंग वेगळे, आत औषध एकच. पांढरी सकाळी आणि गुलाबी रात्री, असं ते नेमाने घेत होते. यात त्यांची काय चूक? केसपेपर आम्ही परत घेऊन जातो, आकडे मोजायला. रुग्णाच्या हाती काहीच उरत नाही. खाऱ्या दमट हवेत टिकेल असं प्लॅस्टिकच्या पाकिटातलं एक कार्ड त्यांच्याकडे राहायला हवं. त्यावर औषधाचं मूळ नाव, मोजलेला दाब, पुढच्या शिबिराची तारीख, आणि जो खरोखर उचलला जाईल असा एक फोन नंबर.

वेळेचंही तेच. आम्ही दहाला टेबलं मांडायचो, तेव्हा रात्रभर समुद्रावर असलेले पुरुष झोपलेले. शेवटी वस्तीतल्याच एका बाईंनी सुनावलं, "होड्या लागतात तेव्हा बसा की!" पुढच्या वेळी पहाटे धक्क्यावरच बसलो. गळ लागून चिघळलेली बोटं आली, धनुर्वाताची इंजेक्शनं झाली. पण सर्वांत जास्त मागणी निघाली चाळिशीच्या चष्म्याला. जाळ्याच्या गाठी नुसत्या बोटांनी चाचपून बांधणाऱ्या एका खलाशाने प्लस दोनचा चष्मा लावला आणि आधी कितीतरी वेळ स्वतःची नखंच पाहिली. आम्ही चष्मे नेले होते दोन डझन. जीवनसत्त्वाच्या गोळ्यांचे मात्र खोके! (ताकदीची गोळी सगळेच मागतात आणि द्यायला सोपी, हे कबूल करतो.) नऊ वाजायच्या आत चष्मे संपले.

आजींना डॉक्टरांनी दुसरी गोळी लिहून दिली आहे. ती पुरेल महिनाभर. पुढच्या शिबिराची तारीख आयोजकांना दोनदा विचारली. 'कळवतो' म्हणाले आहेत.

आपला,
एक निवृत्त फार्मासिस्ट