द्राक्षांचे रेट उडवणाऱ्या मुलीकडून ताईंना पत्र

ताई,

व्हॉट्सॲपवरच लिहायला घेतलं होतं पण मेसेज मारुतीच्या शेपटासारखा वाढत गेला, म्हणून इथे उघडच टाकतेय. तुमचं नाव लिहीत नाही, तुम्हाला आवडणार नाही माहितीये. आपल्या ऑफिसातले लोक वाचतील तर त्यांना "ताई" वरूनच कळेल कारण तुम्हाला ताई म्हणणारी मी एकटीच होते. पहिल्या दिवशी, माझ्या टीम लीड म्हणून, तुम्ही म्हणालात की इथे सर-मॅडम काही नाही, सगळे नावाने हाक मारतात. आता नाशिकच्या सिडकोत वाढलेल्या मुलीने स्वतःपेक्षा दहा वर्षांनी मोठ्या बाईला नुसत्या नावाने हाक मारायची म्हणजे जीभच वळेना, आणि मॅडम म्हटलं की तुम्ही डोळे वटारायचात. मग ताई झालं आणि तेच राहिलं. (मालकांना मात्र सगळे "सर"च म्हणायचे, नियम काय तो आपल्यालाच.)

मी तुमच्याकडे आले तेव्हा कशी होते ते आधी सांगते, म्हणजे पुढचं नीट कळेल. त्याआधी दोन वर्षं हिंजवडीत एका मोठ्या कंपनीत होते, नाव नको. तिथे चॅटवरचा हिरवा ठिपका पिवळा झाला की लीडचा मेसेज यायचा, "ऑल ओके?" म्हणून. बाथरूमला जाताना लोक मोबाईल घेऊन जायचे, ठिपका हिरवा ठेवायला. अप्रेझलला बेल कर्व्ह, म्हणजे दहाजणांची टीम कितीही चांगली असली तरी एकाला खाली ढकलायचंच, मग लोक एकमेकांना शिकवतील कशाला? मायक्रोसॉफ्टने ही असली रँकिंग पद्धत २०१३ मध्येच बंद केली होती पण आमच्या एचआरपर्यंत ती बातमी काही पोचली नव्हती. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये लॅपटॉप घेऊन नाशिकला आले ती परत गेलेच नाही. आई म्हणायची पगार कमी पडेल, बाबा म्हणाले घरी जेवतेस ना मग बास.

तर कॉलेज रोडच्या त्या बावीस लोकांच्या ऑफिसात मी आले तेव्हा माझी सवय अशी पडलेली की चूक झाली की आधी तिच्यावर पांघरूण घालायचं आणि मग बघायचं.

आणि मग फेब्रुवारी २०२२.

सीझन ऐन भरात. आपलं पॅकहाऊसचं, म्हणजे द्राक्षं पॅक होतात तिथलं, सॉफ्टवेअर, पिंपळगावच्या बाजूचे ते क्लायंट, एक्स्पोर्टचा माल, रोज गाड्याच्या गाड्या क्रेट. कुठल्या बागायतदाराचा किती माल आला, कोणत्या प्लॉटचा, काय रेट ठरला, सगळं आपल्या डेटाबेसमध्ये. संध्याकाळी त्यांचा फोन आला की दिंडोरीच्या एका शेतकऱ्याचा रेट चुकीचा पडलाय, तेवढा बदला. दोन मिनिटांचं काम. अपडेटची क्वेरी, म्हणजे डेटाबेसला द्यायचा हुकूम, दोन ओळींची लिहिली, पहिल्या ओळीत रेट आणि दुसऱ्या ओळीत "व्हेअर" ही अट लावून त्या शेतकऱ्याचा नंबर. माऊसने सिलेक्ट करून रन केलं, आणि सिलेक्ट झाली होती फक्त पहिली ओळ.

खाली आलं, ११,३४२ रोज (rows) अफेक्टेड, म्हणजे तेवढ्या नोंदी बदलल्या.

त्या सीझनच्या सगळ्या बागायतदारांचा रेट एका झटक्यात ७८ रुपये किलो. बाहेरगावच्या माणसाला यातली भीती कळायची नाही. आपल्याकडे व्यापारी पैसे न देताच पळून गेल्याच्या बातम्या आपण लहानपणापासून वाचतोय, शेतकरी आधीच टांगणीला लागलेला असतो, आणि सकाळी आठला त्याच डेटावरून पेमेंटची यादी निघणार होती. कुणाचे वीस हजार कमी, कुणाचे चाळीस हजार जास्त. पॅकहाऊसच्या दारात गर्दी झाली असती, आणि तिथे बसलेला क्लार्क बिचारा फुकट शिव्या खाणार.

संध्याकाळचे सात चाळीस झाले होते. माझे हात खरंच थरथरत होते. पहिला विचार काय आला सांगू? की जुन्या एक्सेलमधून रेट उचलून हळूच परत टाकावेत, कुणाला कळणार नाही. ते केलं असतं तर अजून वाट लागली असती हे आता कळतं, ती एक्सेल चार दिवस जुनी होती. दुसरा विचार राजीनाम्याचा. तो मी माझ्या जीमेलमध्ये लिहिला पण होता, तीन ओळींचा. तुम्हाला हे माहीत नाही. तो अजून ड्राफ्ट्समध्ये पडलाय.

शेवटी तुम्हाला फोन लावला. तुम्ही मुलीच्या शाळेच्या गॅदरिंगला, मागे लेझीमचं रेकॉर्ड वाजत होतं. मी काय बोलले आठवत नाही, बहुतेक "सॉरी" दहा वेळा. तुम्ही तीनच प्रश्न विचारलेत. कोणत्या सर्व्हरवर? किती वाजता? आत्ता आत अजून कोणी काम करतंय का? आणि मग म्हणालात, "हात कीबोर्डवरून काढ. आता काहीच करू नको. पाणी पी, मी निघाले."

पंचवीस मिनिटांनी तुम्ही पैठणीत ऑफिसला. वॉचमन काका उठूनच उभे राहिले.

पुढचं मी जन्मात विसरणार नाही. आधी तुम्ही क्लायंटला फोन लावलात, लॅपटॉप उघडायच्याही आधी. "आमच्याकडून एक चूक झालीये, आत्ता रेट चुकीचे दिसतायत, आम्ही कळवल्याशिवाय पेमेंटची यादी काढू नका." आमच्याकडून. मी शेजारी बसलेली, वाट बघत होते की आता "एक नवीन मुलगी आहे, तिने" असं येईल. नाही आलं. पलीकडचा माणूस ओरडत होता ते मला ऐकू येत होतं, तुम्ही नुसतं हो, बरोबर आहे, हो.

मग पहाटे दोनचा बॅकअप वेगळ्या सर्व्हरवर चढवला, त्यावर दिवसभराचा बिनलॉग (डेटाबेसमधल्या प्रत्येक बदलाची नोंद) माझ्या क्वेरीच्या बरोब्बर अलीकडेपर्यंत चालवला, आणि तिथून फक्त रेटचा कॉलम उचलून इकडे आणला, म्हणजे त्यानंतर झालेल्या नोंदी तशाच राहिल्या. टाईप सगळं मला करायला लावलंत. मी म्हटलं ताई तुम्हीच करा, माझा हात लागायला नको. तुम्ही म्हणालात, "आज नाही केलंस तर परत कधीच करणार नाहीस." साडेबारा वाजले. वीस शेतकऱ्यांच्या कागदी पावत्यांचे फोटो क्लायंटकडून मागवून एकेक ताडून पाहिलं. मग तुमच्या ड्रॉवरमधल्या चिवड्यावर आपण दोघींनी जेवण भागवलं.

दुसऱ्या दिवशीची गोष्ट याहून मोठी आहे खरं तर. सरांनी मीटिंगमध्ये आल्या आल्या विचारलं, "कोणी केलं?" माझं तोंड उघडायच्या आत तुम्ही म्हणालात, "प्रोडक्शनचा पासवर्ड सहाजणांकडे आहे हे मला वर्षभर माहीत होतं, आणि मी काही केलं नाही." (प्रोडक्शन म्हणजे क्लायंट वापरतात तो खरा डेटाबेस.) सर म्हणाले केबिनमध्ये या. दार बंद. काचेतून फक्त तुमची पाठ दिसत होती. चाळीस मिनिटं. बाहेर आलात आणि म्हणालात, "चहा सांगा कोणीतरी."

त्याच दुपारी मला म्हणालात काय झालं ते लिहून काढ. मी लिहिलं, त्यात "माझ्या निष्काळजीपणामुळे" हे आठ वेळा होतं. तुम्ही आठही वेळा खोडलंत. "निष्काळजीपणा हे कारण नाहीये, ती शिवी आहे. कारण लिही." आणि मग कारणं खरंच निघाली. टेस्टिंगची खिडकी आणि प्रोडक्शनची खिडकी दिसायला सेम, दोन्ही पांढऱ्या. क्वेरी रन झाली की लगेच कायमची, मागे घ्यायला वावच नाही. शेतकऱ्याचा रेट बदलायला स्क्रीनच बनवली नव्हती म्हणून प्रत्येक वेळी थेट डेटाबेसमध्ये हात घालायचा. दुसऱ्या कोणी बघायची पद्धत नाही. पुढच्या आठवड्यात प्रोडक्शनची खिडकी लालभडक झाली, आम्हा सगळ्यांना नुसतं वाचण्यापुरतं लॉगिन मिळालं आणि सेफ अपडेट्स चालू झालं, म्हणजे "व्हेअर" विसरलेली असली क्वेरी डेटाबेस चालवतच नाही. तेव्हाच तुम्ही सांगितलं होतं की मायएसक्यूएलमध्ये, म्हणजे आपल्या डेटाबेस सॉफ्टवेअरमध्ये, त्या सेटिंगचं दुसरं अधिकृत नाव "आय ॲम अ डमी" असं आहे. मला आधी खरंच वाटलं नाही, नंतर मॅन्युअलमध्ये पाहिलं. म्हणजे ज्यांनी बनवलं त्यांनाही माहीत होतं की हे होणार आणि जगभर होतंय.

आणि ते गिटलॅब या सॉफ्टवेअर कंपनीचं वाचायला दिलंत. ३१ जानेवारी २०१७, रात्री दमलेल्या इंजिनिअरने चुकीच्या सर्व्हरवर डेटाबेसचं फोल्डर उडवलं, सुमारे ३०० जीबी, आणि बॅकअपच्या पाच पद्धतींपैकी एकही धड चालेना. सहा तासांचा डेटा गेला तो गेलाच. पण त्यांनी दुरुस्तीचं काम यूट्यूबवर लाईव्ह दाखवलं आणि नंतर सगळं लिहून जाहीर केलं, आणि त्यात त्या माणसाचं नाव कुठेच नाही, नुसतं "टीम मेंबर वन". तुम्ही त्या शब्दावर बोट ठेवून म्हणालात, "हे बघ." बाकी भाषण काही नाही.

घरी बाबांना हे सांगितलं. ते सातपूरला तीस वर्षं लाईनवर होते. म्हणाले आमच्याकडे पार्ट रिजेक्ट झाला की पहिला प्रश्न, शिफ्ट कोणाची? म्हणून पोरं खराब पार्ट पुढच्या शिफ्टच्या ट्रेमध्ये सरकवायची. आणि मग बराच वेळ गप्प बसले.

नुसती आरती ओवाळत नाहीये हां. सुट्टीच्या मेलला तुम्ही कधी वेळेवर उत्तर दिलं नाही, भावाच्या साखरपुड्याची सुट्टी मला आदल्या रात्री मिळाली. रविवारी रात्री अकराला मेसेज टाकायचात आणि वर "उद्या बघ, घाई नाही" असं लिहायचात, पण एकदा वाचल्यावर झोप लागते का कोणाला? आणि सगळं स्वतःच्या अंगावर घ्यायचात त्यामुळे आम्हाला वरून येणारा मार कधी दिसलाच नाही. २०२३ मध्ये तुम्ही सोडलंत तेव्हा तो थेट आमच्यावर आला. जातानाही शेवटच्या आठवड्यात सांगितलंत, त्याचा राग मला अजून आहे.

तुमच्यानंतर महिनाभरात "कोणी केलं" परत आलं. एका मुलाला बिलाच्या हिशोबातली चूक पहिल्या दिवशीच दिसली होती, तो पाच आठवडे बोलला नाही. एमी एडमंडसन म्हणून हार्वर्डच्या प्रोफेसर आहेत, त्यांनी हॉस्पिटलमधल्या टीम तपासल्या होत्या, तर चांगल्या टीमच्या नावावर चुका जास्त निघाल्या, कारण तिथले लोक त्या सांगत होते. आपल्या ऑफिसात तेव्हा कागदोपत्री चुका एकदम कमी झाल्या होत्या, सर खूश होते. मी आठ महिन्यांनी सोडलं.

आता हे पत्र आत्ताच का, तर मागच्या महिन्यातलं. आता मी पण लीड आहे, पाचजणांची टीम, घरूनच काम. एका मुलाने टेस्टिंगचा एसएमएस खऱ्या ग्राहकांना पाठवला, चार हजार लोकांना "टेस्ट टेस्ट हाय". मला कॉलवर कळलं आणि माझ्या तोंडून पहिला शब्द काय निघाला माहितीये? "कोणी पाठवला?"

सगळे म्यूटवर. वीस सेकंद कोणी बोलेना. ताई, ती शांतता मी त्या मीटिंगमध्ये दुसऱ्या बाजूने ऐकली होती. मग म्हटलं बरं ते राहू दे, कुठून गेला ते आधी बघू. त्या मुलाने नंतर वेगळा मेसेज करून सांगितलं की मीच होतो. पण आधी निघायचं ते निघून गेलंच ना तोंडातून. तुमच्या तोंडून ते कधीच निघालं नाही, त्या रात्री फोनवर लेझीम वाजत असताना पण नाही, आणि ते किती अवघड असतं हे मला मागच्या महिन्यात कळलं, म्हणून मनापासून थँक्यू.

आणि एक विचारायचंच राहिलंय. त्या दिवशी केबिनमध्ये चाळीस मिनिटं काय बोलणं झालं? सरांचा स्वभाव मला माहितीये, ते चाळीस मिनिटं कुणाचंही ऐकून घेत नाहीत. माझ्या अप्रेझलमध्ये त्या गोष्टीचा एक शब्द नव्हता आणि तुमची मात्र त्या वर्षी वाढ झाली नाही, हे मला अकाउंट्सवालीकडून नंतर कळलं. आता तरी सांगा. येत्या रविवारी सकाळी गंगापूर रोडला या, मिसळ माझ्याकडून, मुलीला पण आणा. नऊपर्यंत या, नंतर जागा मिळत नाही.

तुमची,
११,३४२ रोजवाली